बागेतील पिंगळ्याचे घर

दिवेलागणीच्या सुमारास बारडोलीतील कोणत्याही जुन्या झाडाखाली क्षणभर उभे राहावे. रस्त्यावरील वाहनांचा गलबला चालू असतानाही एक कर्कश, घाईघाईचा, जणू तीन-चार जण एकाच वेळी भांडत आहेत असा आवाज कानी पडतो. वर पाहावे तो फांदीवर साळुंकीएवढा, करड्या-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेला, वाटोळ्या डोक्याचा एक पक्षी आपल्याकडे टक लावून पाहत असतो. आपणही पाहत राहिलो की तो मान खालीवर हलवितो, अंग ताठ करतो आणि मग एकदम भुर्रकन उडून दुसऱ्या फांदीवर जाऊन बसतो. हा पिंगळा. आमचे गुजराती शेजारी त्याला चीबरी म्हणतात. घुबडांच्या कुळातील हा सर्वांत परिचित पक्षी होय, आणि या लेखाचा विषय त्याच्यासाठी आम्ही व आमच्या विद्यार्थ्यांनी बागेत बांधलेले एक लाकडी घर हा आहे.

पक्ष्यासाठी घर कशाला, तो आपले घरटे आपण बांधीलच की, असा प्रश्न कोणीही करील. विद्यार्थीमित्रहो, येथेच घुबडांची अडचण आहे. सुगरण विणते, कावळा काटक्या रचतो, चिमणी गवत-कापूस गोळा करते. परंतु घुबडाला घरटे बांधण्याची विद्या अवगत नाही. पिंगळा झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या भोकात अंडी घालतो. पांढऱ्या, हृदयाच्या आकाराच्या मुखवट्याचे जे मोठे गव्हाणी घुबड, ते पडक्या वाड्यांच्या कोनाड्यांत, देवळांच्या शिखरांत, गोदामांच्या आढ्यांवर संसार थाटते. ढोली पडायला झाड म्हातारे व्हावे लागते आणि कोनाडा मिळायला घर जुने असावे लागते. आपल्या शहरांत आज म्हातारे झाड धोकादायक ठरते व जुने घर पाडण्यायोग्य ठरते. खायला भरपूर असूनही केवळ निवारा नाही म्हणून घुबडांची पुढची पिढी जन्माला येत नाही, अशी स्थिती कित्येक ठिकाणी होते.

आमच्या वसाहतीलगतच्या बागेत एक जुना शिरीष होता. त्याच्या बुंध्यापासून दीड-दोन पुरुष उंचीवर एक मोडलेली फांदी होती व तिच्या बुडाशी ढोली. आम्हांस आठवते तेव्हापासून त्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी असे. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका वादळी रात्री त्या झाडाची मोठी फांदी पाळण्यांवर कोसळली. रात्रीची वेळ, म्हणून मुले वाचली. पुढच्या आठवड्यात झाड तोडण्यात आले. तोडणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही; ज्याचे मूल त्या पाळण्यावर बसते त्याला विचारले तर तोही हेच सांगेल. पण झाड गेले त्या संध्याकाळी ती जोडी समोरच्या विजेच्या तारेवर बसून रिकाम्या जागेकडे पाहत होती, हे दृश्य आमच्या शाळकरी मंडळींच्या मनातून जाईना.

त्याच सुमारास बागेत उंदीर फार झाले. याचेही कारण आहे. बारडोलीभोवतीचा मुलूख उसाचा. तापीवर काकरापारचा बंधारा १९५० च्या दशकात झाला, उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले, आणि कालव्याचे पाणी आल्यावर या काळ्या जमिनीत ऊसच ऊस उभा राहिला. सहकारी साखर कारखाना येथे आहेच. दरवर्षी थंडीच्या तोंडाशी डांगातून, नंदुरबार-धुळ्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, तेव्हा बाजारात अहिराणी, भिली व मराठी बोल ऐकू येतात. खानदेशातील पुष्कळ कुटुंबांना बारडोलीचा रस्ता या कोयत्यानेच दाखविला आहे. उसाच्या दाट फडात उंदरांना सावली, अन्न व बिळे तिन्ही मिळतात. फड तुटू लागला की ते बांधांकडे व वस्तीकडे सरकतात. त्यात आमच्या बागेत कबुतरांना दाणे टाकण्याची पुण्यकर्मी प्रथा. कबुतरे खातात त्याहून अधिक ज्वारी रात्री उंदीर खात असावेत!

उंदीर झाले म्हणून कोणी तरी विषारी वड्या आणून झुडपांत टाकल्या. हेतू वाईट नव्हता. परंतु चार-सहा दिवसांनी एका सकाळी बाकाखाली एक पिंगळा मरून पडलेला आढळला. अंगावर जखम नव्हती. तो विषानेच मेला असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही, कारण तपासणी कोणी केली नाही. तथापि असे घडते हे मात्र निश्चित. हल्लीच्या उंदीरमारक औषधांपैकी काही, उदाहरणार्थ ब्रोमाडायोलोन, रक्त गोठू देत नाहीत. खाणारा उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर भटकतो. असा उंदीर पकडणे घुबडाला सर्वांत सोपे, आणि उंदराच्या यकृतात साठलेले विष मग घुबडाच्या पोटात जाते. मलेशियातील ताडतेलाच्या बागांत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हाच अनुभव आला. तेथे उंदरांवर औषध म्हणून घुबडे वाढविली जात होती, आणि ज्या भागांत नव्या जातीची विषे वापरली गेली तेथे घुबडेच कमी झाली. जो चौकीदार उंदीर धरतो त्यालाच उंदरातून विष चारावे, यासारखा उफराटा व्यवहार दुसरा नसेल.

मेलेला पिंगळा मुलांनी बागेच्या कोपऱ्यात पुरला, आणि “सर, आपण त्याला घर करून देऊ या,” अशी सूचना त्यांच्याकडूनच आली. आम्ही होकार दिला खरा. पण परवानगी, पैसा आणि लोकमत या तीन गोष्टी उभ्या होत्याच. पैशाचा प्रश्न सर्वांत लहान निघाला.

लोकमताचे पाहा. बागेची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींनी रहिवाशांची एक बैठक बोलाविली. तेथे खानदेशातून आलेल्या एक आजीबाई स्पष्टच म्हणाल्या, “मास्तर, पिंगळा दारी बोलला की घरचं माणूस जातं, हे आमच्या सासूनं सांगितलेलं. पोरांच्या खेळायच्या जागी तुम्ही त्याला घर बांधून देता?” एका गुजराती काकांनीही मान डोलाविली. हसण्याने असले प्रश्न सुटत नाहीत. आम्ही आजीबाईंना विचारले, “आजी, पूर्वी गावात रात्रभर दिवा कोणाच्या घरी जळत असे?” त्या म्हणाल्या, “ज्याच्या घरी आजारी माणूस, त्याच्या.” मग आम्ही एवढेच म्हणालो की, जळत्या दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांसाठी पिंगळा येतो, आणि आजारी माणूस कधी कधी दगावतो, पिंगळ्याने दिवा पाहिला, लोकांनी पिंगळा पाहिला. आजीबाई काही बोलल्या नाहीत. त्यांना ते पटले असे आम्ही म्हणत नाही.

वास्तविक आपल्याच परंपरेत या पक्ष्याविषयी दोन तोंडांनी बोलले गेले आहे. महाभारताच्या सौप्तिक पर्वात वडाच्या झाडावर झोपलेल्या कावळ्यांचा संहार करणारे घुबड पाहून अश्वत्थाम्याला रात्रीच्या हत्याकांडाची कल्पना सुचते. पंचतंत्राच्या ‘काकोलूकीय’ या तिसऱ्या तंत्रात पक्षी घुबडाला राजा करण्यास निघतात व कावळा मोडता घालतो. उलट बंगालात हेच घुबड लक्ष्मीचे वाहन म्हणून पूजिले जाते. वैशेषिक दर्शनाच्या कणाद मुनींचे दुसरे नाव उलूक, म्हणून त्या दर्शनास औलूक्य दर्शन असेही म्हणतात. आणि आपल्या महाराष्ट्रात पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणारा जो पिंगळा, तो आपले ज्ञान याच पक्ष्याच्या बोलीतून आल्याचे सांगे. ज्याची बोली समजली तर भाग्य कळते, तोच बोलला तर मरण येते, हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असावे हे कोडे आम्हांस उलगडलेले नाही.

अंधश्रद्धेची खरी किंमत मात्र घुबडच देते. २०१० साली ‘ट्रॅफिक इंडिया’ या संस्थेसाठी अब्रार अहमद यांनी भारतातील घुबडांच्या चोरट्या व्यापाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. जादूटोणा व बळी यांसाठी घुबडे पकडली जातात आणि दिवाळीच्या दिवसांत ही मागणी वाढते, असे त्यांना आढळले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये घुबड पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री लक्ष्मीच्याच वाहनाचा बळी द्यावा, याला काय म्हणावे! या समजुतींवर उपाय म्हणून पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील पिंगोरी येथे इला फाउंडेशनने २०१८ पासून घुबडांचा उत्सवच भरविण्यास आरंभ केला. तेथे मुले घुबडांची चित्रे काढतात, मुखवटे करतात, गाणी म्हणतात.

बैठकीत आमच्या कामी आली ती मात्र एका परदेशी गृहस्थाची गोष्ट. इंग्लंडातील यॉर्कशरमध्ये चार्ल्स वॉटरटन नावाचे एक निसर्गवेडे जमीनदार होते. १८१३ साली त्यांनी आपल्या वाड्याच्या जुन्या पडक्या वेशीवर दगडचुन्याचा सुमारे चार फूट चौरस असा एक कोनाडा गव्हाणी घुबडांसाठी बांधला व त्यात बसण्यास एक जाड ओकचा दांडा बसविला. महिन्याभरातच घुबडांची जोडी तेथे राहावयास आली. त्यांच्या घरची कारभारीणही आमच्या आजीबाईंप्रमाणेच धास्तावली होती. तेव्हा या पाहुण्यांमुळे जे काही आजारपण वा दुःख वाड्यावर येईल त्याची सारी जबाबदारी आपली, असे वॉटरटनसाहेबांनी तिला सांगून टाकले. ही गोष्ट ऐकून सगळे हसले, आणि ते गुजराती काका म्हणाले, “तो मास्तरसाहेब, आ जवाबदारी तमारी!” आम्ही ती घेतली. परवानगी मिळाली, अट एकच पडली की पाळण्यांपासून पेटी दूर असावी. आमच्याकडूनही आम्ही अट घातली की विषारी वड्या बंद व्हाव्यात, पिंजरे लावावेत, आणि कबुतरांचे दाणे सकाळीच व थोडे टाकावेत. पहिल्या दोन गोष्टी पाळल्या गेल्या. दाण्यांच्या बाबतीत पुण्यकर्त्यांपुढे आमचे काही चालले नाही.

आता पेटीविषयी. प्रथम आमचा बेत गव्हाणी घुबडासाठी मोठी पेटी करण्याचा होता, कारण उंदीर मारण्यात त्याची बरोबरी कोणी करीत नाही. त्याचे शरीर म्हणजे रात्रीच्या शिकारीसाठी घडविलेले यंत्रच. पिसांच्या कडेला बारीक फणीसारखे दाते असल्याने उडताना आवाज होत नाही. डोळे खोबणीत फिरू शकत नाहीत, म्हणून मान मात्र तीन चतुर्थांश वर्तुळापर्यंत वळते. आपल्या मानेत सात मणके, तर घुबडाच्या चौदा. पण खरे नवल कानांचे. त्याचे दोन कान समपातळीवर नसतात. डाव्या कानाचे छिद्र उजव्याहून वर असते. खालून आलेला आवाज एका कानात किंचित मोठा व दुसऱ्यात किंचित लहान उमटतो, आणि त्या फरकावरून आवाज किती खाली व कोणत्या बाजूस आहे हे त्याला कळते. त्याचा हृदयाकार चेहरा हा आवाज गोळा करून कानांकडे वळविणारी परातच समजा. अमेरिकेत रॉजर पेन यांनी पूर्ण अंधाऱ्या खोलीत प्रयोग करून दाखविले की, एक किरणही नसताना हे घुबड केवळ खसखशीवरून उंदीर पकडते. उंदराच्या वासाने वा ऊबेने ते जात असेल अशी शंका राहू नये म्हणून उंदराएवढा कागदाचा बोळा दोरीने जमिनीवरून ओढला, तर त्यावरही त्याने अचूक झडप घातली.

या घुबडाची पेटी चांगली ऐसपैस लागते. तळ सुमारे ६० सेंटिमीटर लांब व ४० रुंद असावा, आत येण्याचे भोक १३ सेंटिमीटर चौरस, आणि भोकाची खालची कड तळापासून निदान ४५ सेंटिमीटर उंच. शेवटचे माप फार महत्त्वाचे. मादी पहिले अंडे घालताच ते उबवू लागते. पुढची अंडी एकेक करून दोन-तीन दिवसांच्या अंतराने येतात. साहजिकच पिल्लेही मागेपुढे जन्मतात, आणि एकाच घरट्यात मोठा भाऊ धाकट्याहून पंधरा दिवसांनी थोर असतो. ती सारी भुकेच्या वेळी दाराशी गर्दी करतात. पेटी उथळ असली तर उडता न येणारे पिल्लू धक्क्याने खाली पडते. परंतु मोकळ्या शेतांवर तरंगत शिकार करणारा हा पक्षी आमच्या लहानशा, दिव्यांनी उजळलेल्या बागेत येण्याची शक्यता थोडी होती. त्याची जागा उसाच्या कडेला, एखाद्या विहिरीवरील पंपघराच्या आडोशाला. म्हणून बागेत पिंगळ्याचीच पेटी करण्याचे ठरले.

लाकडाच्या वखारीतून जुन्या सागाच्या फळ्या स्वस्तात मिळाल्या. तळ २५ सेंटिमीटर चौरस, उंची ४० सेंटिमीटर, आणि समोरच्या फळीत वरच्या बाजूस ८ सेंटिमीटर व्यासाचे गोल भोक. छप्पर पुढे उतरते व चार बोटे बाहेर काढलेले, म्हणजे पावसाचे पाणी दारात येत नाही. तळाला चार बारीक भोके, आतील ओल निघून जाण्यासाठी. भोकाच्या आतल्या बाजूस फळी मुद्दाम खरबरीत ठेवून आडव्या खाचा पाडल्या. गुळगुळीत भिंतीवरून पिल्लाला चढता येत नाही. रंग फक्त बाहेरून दिला. एका बाजूस बिजागरी लावून लहान दार ठेवले, ते वर्षातून एकदा साफसफाईसाठी. खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत असा आमच्या सुतारमिस्त्रींचा आग्रह होता, व तो योग्यच ठरला. खिळे दोन पावसाळ्यांत सैल होतात. आत दोन-तीन बोटे रंध्याच्या कोरड्या ढलप्या पसरल्या, कारण पक्षी स्वतः काहीच अंथरीत नाही व नुसत्या फळीवर अंडी गडगडतात.

पेटी बसविण्याची जागा निवडताना चार दिवस गेले. येथला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि एप्रिल-मे महिन्यांतले दुपारचे ऊन पश्चिमेचे, म्हणून पेटीचे तोंड ईशान्येस केले. रस्त्याचा दिवा समोर नको, दाट सावली हवी, आणि दारासमोर उडण्याची वाट मोकळी हवी. शेवटी कडेच्या एका चिंचेवर, जमिनीपासून साडेचार मीटर उंचीवर जागा सापडली. जिवंत झाडात खिळा ठोकू नये म्हणून पेटी जाड तारेने बांधली व तारेखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. झाड जाड होत जाते, तेव्हा ती तार दरवर्षी सैल करावी लागते. मांजर वर चढू नये म्हणून बुंध्याला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळला. पिंगळा नोव्हेंबर ते एप्रिल या काळात वीण करतो, म्हणून दिवाळीच्या आधी पेटी वर गेली.

आणि काही घडले नाही. सारा हिवाळा पेटी रिकामी राहिली. मुलांनी पाळीपाळीने संध्याकाळी अर्धा तास झाडापासून दूर बसून पाहण्याचे व वहीत नोंद करण्याचे ठरविले होते. त्या वहीची पानेच्या पाने ‘पेटी रिकामी’ या शब्दांनी भरली. जानेवारीत खारीने आत चिंध्या नेल्या. एप्रिलमध्ये साळुंक्यांनी ताबा घेतला व दोन पिल्ले वाढविली. काही मुलांनी साळुंक्यांना हुसकावण्याची परवानगी मागितली. आम्ही दिली नाही.

मधेच वहीत एक नोंद आली: ‘पेटीच्या दारात पिंगळा दिसला. वेळ सात वाजून दहा मिनिटे.’ सर्वांना आनंद झाला. पण त्या दिवशी तार सैल झाल्यामुळे पेटी दुरुस्तीसाठी खाली उतरविलेली होती, हे नोंद करणाऱ्याला ठाऊक नव्हते. तो त्या संध्याकाळी बागेत गेलाच नव्हता. त्याला आम्ही रागावलो नाही. सगळ्यांना बसवून बारडोलीच्या शेजारच्या मांडवी तालुक्याची एक गोष्ट सांगितली.

आपल्या देशात रान पिंगळा नावाचे एक लहान घुबड आहे. नेहमीच्या पिंगळ्याहून जरा थोराड, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, सागाच्या रानात राहणारे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ साली या जातीचे प्रथम वर्णन केले व ब्ल्यूइट नावाच्या संग्राहकाचे नाव तिला दिले. हे ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या संस्थापकांपैकीच एक. त्याच काँग्रेसचे अधिवेशन १९३८ साली आमच्या बारडोलीनजीक हरिपुरा येथे भरले होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पक्षी दिसेनासा झाला. जगातील संग्रहालयांत मिळून त्याचे सातच नमुने होते. त्यांतला सर्वांत अलीकडचा नमुना १९१४ साली तापीकाठी मांडवी येथे आपण मिळविला, असे रिचर्ड माइनर्ट्सहागेन या नामांकित इंग्रज पक्षितज्ज्ञ लष्करी अधिकाऱ्याने लिहून ठेवले होते. त्याच्या शब्दावर अविश्वास कोण दाखविणार? पुस्तकांतून मांडवीचे नाव छापले गेले.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने सर्व नमुने पुन्हा तपासले. मांडवीचा म्हणून ठेवलेला तो पक्षी क्ष-किरणांखाली पाहिला, त्याची पिसे, भरणाचा कापूस, शिवण यांची छाननी केली. तेव्हा उघडकीस आले की, हा पक्षी मुळात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात मिळविलेला होता. तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावून ‘मांडवी, १९१४’ असा करण्यात आला होता. मांडवीत रान पिंगळा कोणी पाहिलाच नव्हता! खोटी जागा यादीतून वगळल्यावर खऱ्या जुन्या जागांचा शोध सुरू झाला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका उघड्या फांदीवर तो पक्षी दिवसाढवळ्या बसलेला दिसला. शंभराहून अधिक वर्षांनी! त्या लबाडीचा सविस्तर निबंध रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर मेळघाटात, २०१४ साली ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात, आणि पुढे आमच्या आग्नेयेस असलेल्या डांगच्या पूर्णा अभयारण्यातही रान पिंगळा आढळला. म्हणजे दक्षिण गुजरातेत तो आहे. मात्र त्या साहेबाने सांगितला म्हणून नव्हे.

गोष्ट संपल्यावर तो मुलगा उठला आणि वहीतील ती ओळ त्याने आडवी रेघ मारून खोडली. खालची अक्षरे वाचता येतील अशीच. बाजूला आपली सही केली. ती वही आमच्यापाशी आहे.

रान पिंगळ्यासाठी पेटी करता येईल का, असे नंतर एकीने विचारले. त्याला पेटीपेक्षा रान हवे आहे. सागाची, हळद्याची म्हातारी झाडे उभी राहिली तर ढोल्या आपोआप होतील. पेटी ही शहराची व शेताची तडजोड आहे. शेतात मात्र ती मोठे काम करू शकते. इस्राएलमध्ये १९८३ पासून स्दे एलियाहू या सामुदायिक शेतवस्तीत गव्हाणी घुबडांसाठी पेट्या लावण्यास सुरुवात झाली, आणि पुढे सीमेपलीकडील जॉर्डनच्या शेतकऱ्यांनीही त्या लावल्या. दोन्ही देशांत भांडण असो वा सख्य, घुबडाला सीमा कळत नाही व उंदरालाही नाही. आपल्याकडे लक्षद्वीपात कवरत्ती बेटावर नारळाच्या बागांतील उंदरांसाठी गव्हाणी घुबडे नेण्याचा प्रयोग झाला. जेथे हा पक्षी मूळचा नाही तेथे तो नेऊन सोडावा की नाही, याविषयी आमच्या मनात शंका आहे. बारडोलीत तो मूळचाच आहे, त्याला फक्त जागा द्यावयाची आहे. उसाच्या बांधावर त्याची एक मोठी पेटी लावण्यास एका शेतकरी पालकांनी यंदा होकार दिला आहे. त्यांनीही प्रथम विचारले ते हेच की, “मास्तर, फडात औषध टाकायचं नाही, तर उंदीर वाढले तर?” घुबडे सारे उंदीर संपवितात असे त्यांना सांगणे खोटेपणाचे झाले असते. उंदीर आटोक्यात ठेवण्यास बिळे उकरणे, बांध स्वच्छ ठेवणे व पिंजरे हेही लागतातच, असेच आम्ही सांगितले.

बागेतील पेटीचे दुसरे वर्ष. ऑक्टोबरात साळुंक्यांचा कचरा काढून पेटी धुतली, वाळविली, नव्या ढलप्या घातल्या. डिसेंबरात चिंचेवर दोन पिंगळे संध्याकाळी दिसू लागले. शिरीषावरच्या जोडीपैकी उरलेला त्यांत होता की नाही, हे सांगता येत नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वहीत नोंद झाली: ‘एक आत गेला. बाहेर आला नाही.’ या वेळी नोंदीखाली तिघांच्या सह्या होत्या. सुमारे चार आठवडे मादी आतच, नर किडे घेऊन येई. मार्चमध्ये आतून घोरल्यासारखी खसखस ऐकू येऊ लागली. पेटी उघडून पाहण्याचा मोह सर्वांनाच झाला. पण त्रासलेली जोडी अंडी-पिल्ले सोडून देते, म्हणून शिडीला कुलूप लावून किल्ली आम्ही घरी ठेवली. एप्रिलच्या आरंभी तीन पिल्ले ओळीने फांदीवर बसलेली दिसली. आजीबाई नातवाचा हात धरून पाहण्यास आल्या होत्या. “ओरडतात फार,” एवढेच म्हणाल्या, आणि दगड उचलणाऱ्या एका मुलाच्या पाठीत त्यांनी धपाटा घातला.

पिल्ले उडून गेल्यावर चिंचेखाली पडलेल्या गोळ्या आम्ही गोळा केल्या. घुबड भक्ष्याची हाडे, केस, पंखांची कवचे पचवीत नाही. ती गोळीसारखी तोंडावाटे टाकते. हातमोजे घालून, गोळ्या पाण्यात भिजवून, चिमट्याने त्या सोडविल्या. पिंगळा मुख्यतः किड्यांवर जगतो याची साक्ष मिळाली: भुंगेऱ्यांची काळी चकचकीत कवचे, नाकतोड्यांचे पाय, पालीचा एक जबडा, चिचुंद्रीची एक कवटी. उंदरांचे खालचे जबडे अकरा मिळाले, म्हणजे निदान सहा उंदीर. ते काळ्या कागदावर चिकटवून, खाली तारखा लिहून, विज्ञानाच्या खोलीत लावले आहेत. अकरावा जबडा कोणत्या बाजूचा, यावर वर्गात अजून वाद चालू आहे.